मंजूर झालेलं विधेयक अडतं कुठे आणि अडवतं कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी विधेयक बहुमताने मंजूर केल्यावर लोकांनी निवडून न दिलेले राज्यपाल ते अडवून कसे ठेवू शकतात? राष्ट्रपतींचा आणि राज्यपालांचा नकाराधिकार एकच का? आणि महिला-बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं महाराष्ट्राचं ‘शक्ती’ विधेयक सभागृहात मंजूर होऊनही कायदा का झालं नाही?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. आपल्या राज्यघटनेने नकाराधिकार जवळजवळ सगळीकडे ‘पुन्हा एकदा विचार करा’ इतपतच ठेवला आहे. सभागृहाने दुसऱ्यांदा तेच विधेयक मंजूर केलं की सही करावीच लागते. याला मोठा अपवाद एकच, कलम २०१. राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं गेलं की तिथे खराखुरा, पूर्ण नकाराधिकार सुरू होतो. तो राष्ट्रपतींच्या नावाने वापरला जात असला तरी हातात असतो केंद्रीय मंत्रिमंडळाच्या. राजभवनाकडे (आता नाव लोकभवन) सगळे डोळे लावून बसतात, पण विधेयकाचं मरण बहुतेक वेळा दिल्लीत असतं. हे नीट कळलं की वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा अर्थ आपोआप लागतो. विधेयकांचे मसुदे करण्यात आणि पुढे त्यांच्यावरच न्यायालयात युक्तिवाद करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात कायदा करणाऱ्यांत राष्ट्रपती आणि राज्यपाल येतातच. कलम ७९ प्रमाणे संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. कलम १६८ प्रमाणे राज्याचं विधानमंडळ म्हणजे राज्यपाल आणि सभागृह किंवा सभागृहं. सही झाल्याशिवाय विधेयकाचा अधिनियम होत नाही. पण ही सही वैयक्तिक मर्जीची नाही. कलम ७४ आणि १६३ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, आणि १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हे ठामपणे सांगितलं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींवर तो सल्ला बंधनकारक असल्याचं थेट मजकुरातच घातलं, तर चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘एकदा फेरविचार करायला सांगता येईल’ एवढी सवड दिली.

म्हणून केंद्राच्या विधेयकांवर राष्ट्रपतींचा नकाराधिकार प्रत्यक्षात फार क्वचित दिसतो. ज्या सरकारच्या बहुमतावर विधेयक मंजूर झालं, तेच सरकार राष्ट्रपतींना ‘सही करू नका’ असं कशाला सांगेल? सांगितलं जातं ते परिस्थिती मध्येच बदलली तर. १९५४ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) या राज्याच्या विनियोजन विधेयकाची, म्हणजे सरकारी खर्चाच्या विधेयकाची, संमती रोखली, कारण विधेयक त्यांच्यापुढे येईपर्यंत त्या राज्यातली राष्ट्रपती राजवट उठली होती आणि संसदेला त्या राज्याचा खर्च मंजूर करण्याचा अधिकारच उरला नव्हता. खासदारांच्या निवृत्तिवेतनाचं १९९१ मधलं विधेयक आर. वेंकटरामन यांनी रोखलं. ते लोकसभा विसर्जित होण्याच्या तोंडावर घाईत मंजूर झालं होतं. २००६ मध्ये ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचं (जी सरकारी पदं धरली तर खासदारकी जाऊ शकते त्यांच्याविषयीचं) विधेयक कलम १११ खाली परत पाठवलं. दोन्ही सभागृहांनी ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी सही केली. घटनेला अभिप्रेत असलेला नकाराधिकार तो हाच. राष्ट्रपतींनी आपली शंका लेखी नोंदवली, सभागृहांनी ती ऐकली, आणि शेवटचा शब्द सभागृहांचा राहिला.

धन विधेयकाला, म्हणजे फक्त कर आणि सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींच्या विधेयकाला, ही परत पाठवण्याची सोय नाही. घटनादुरुस्ती विधेयकाच्या बाबतीत तर १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने संमती देणं सक्तीचंच केलं.

आता १९८६ चं टपाल विधेयक पाहा. भारतीय पोस्ट ऑफिस (दुरुस्ती) विधेयक संसदेने मंजूर केलं. नागरिकांची पत्रं उघडण्याचा, अडवण्याचा व्यापक अधिकार त्यात सरकारला मिळत होता. ग्यानी झैलसिंग यांनी ना सही केली, ना ते परत पाठवलं, ना संमती नाकारली. विधेयक टेबलावर पडून राहिलं आणि १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली. वेंकटरामन यांनी १९९० मध्ये, सरकार बदलल्यावर, ते परत पाठवलं आणि शेवटी २००२ मध्ये ते मागे घेण्यात आलं. याला आपल्याकडे पॉकेट व्हेटो म्हणतात. अमेरिकेत अध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल आणि त्या मुदतीत त्याने काहीच केलं नाही तर विधेयक सहीविना कायदा होतं. आपल्याकडे मुदतच नाही, त्यामुळे नुसतं गप्प बसून विधेयक बेमुदत थांबवता येतं. हा नकाराधिकार घटनेत कुठेही लिहिलेला नाही, तरी चालतो.

मुदत का नाही, याचं उत्तर घटना समितीच्या कामकाजात आहे. संविधानाच्या मूळ मसुद्यात राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवायचं असेल तर सहा आठवड्यांच्या आत पाठवावं असं कलम होतं. १९४९ च्या मे महिन्यात डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मांडून त्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द घातले. हरी विष्णू कामत यांनी त्याला हरकत घेतली. इतके सैल शब्द ठेवले तर विधेयक पडून राहील, ही त्यांची भीती होती. मी या बाबतीत कामतांच्या बाजूचा आहे. आंबेडकरांचा भरवसा असा होता की संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ आपलंच विधेयक फार काळ लटकू देणार नाही, आणि केंद्राच्या विधेयकांपुरता तो बहुतांशी खराही ठरला. पण तेच शब्द राज्यपालांच्या कलमात गेले, आणि तिथे राज्याचं मंत्रिमंडळ एका पक्षाचं आणि राज्यपाल नेमणारं केंद्र दुसऱ्या पक्षाचं, ही स्थिती पुढे वारंवार येणार होती.

राज्यपालांचं कलम म्हणजे २००. १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं कलम ७५ हा त्याचा पूर्वज. त्यात गव्हर्नरने ‘स्वेच्छेने’ संमती द्यावी, रोखावी किंवा गव्हर्नर जनरलसाठी राखून ठेवावी असं होतं. आमच्या घटनेच्या मसुद्यातही विधेयक परत पाठवण्याच्या संदर्भात ‘स्वेच्छेने’ हा शब्द उतरला होता. १९४९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा आंबेडकरांनीच तो काढायला लावला, कारण जबाबदार शासनपद्धतीत राज्यपालाच्या स्वेच्छेला जागा नाही, ही त्यांची भूमिका होती. कलम २०० वाचताना हा काढलेला शब्द सतत डोळ्यांसमोर ठेवावा असं मी तरुण वकिलांना नेहमी सांगतो.

कलम २०० खाली राज्यपाल संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. धन विधेयक नसेल तर निरोपासह परत पाठवता येतं, आणि सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर संमती रोखता येत नाही. उच्च न्यायालयाचे अधिकार धोक्यात येतील असं विधेयक असेल तर मात्र ते राखून ठेवलंच पाहिजे. वाद होता तो यावर, की राज्यपाल नुसतीच ‘संमती रोखली’ असं लिहून विधेयक फाइलबंद करू शकतात का? पंजाबच्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. संमती रोखायची तर विधेयक सभागृहाकडे परत गेलंच पाहिजे.

तमिळनाडूचं प्रकरण यापुढचं. तिथली दहा विधेयकं, त्यांतली सर्वांत जुनी २०२० ची, राज्यपाल आर.एन. रवी यांच्याकडे पडून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी संमती रोखली. विधानसभेने विशेष अधिवेशन घेऊन दहाही विधेयकं पुन्हा मंजूर केली, तर राज्यपालांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. ८ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने ही कृती बेकायदा ठरवली, कलम १४२ (पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार) वापरून दहा विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं, आणि राज्यपालांना एक ते तीन महिन्यांच्या, तर राष्ट्रपतींना तीन महिन्यांच्या मुदती घालून दिल्या. तमिळनाडूने ते दहा कायदे सहीविनाच राजपत्रात प्रसिद्ध केले. त्यावर १३ मे २०२५ रोजी राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली चौदा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारले.

उत्तर आलं २० नोव्हेंबर २०२५ रोजी. पाच न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्ष, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे. पीठातले न्यायमूर्ती अतुल चांदुरकरही मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. त्या मतात सांगितलं ते थोडक्यात असं. राज्यपालांपुढे तीनच मार्ग आहेत: संमती द्या, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा, किंवा संमती रोखून विधेयक शेऱ्यांसह परत पाठवा. परत न पाठवता नुसतं रोखून ठेवणं घटनेत बसत नाही. या तिन्हींतला कोणता मार्ग घ्यायचा हे राज्यपाल स्वतः ठरवू शकतात, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला ते बांधील नाहीत. न्यायालय ठरावीक दिवसांची मुदत घालू शकत नाही आणि संमती ‘मानून’ही घेता येत नाही. मात्र राज्यपाल दीर्घकाळ, काहीही कारण न देता, बेमुदत गप्प बसले तर ‘वाजवी काळात निर्णय घ्या’ एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं; निर्णय कोणता घ्यावा ते सांगणार नाही.

एप्रिलचा निकाल आणि नोव्हेंबरचं मत यांची अनेकजण गल्लत करतात. कलम १४३ खालचं मत म्हणजे अपील नव्हे. तमिळनाडूचा निकाल त्या पक्षकारांपुरता पीठाने उलटवलेला नाही. पण पुढच्या प्रकरणांत त्यातल्या मुदतींवर भिस्त ठेवता येणार नाही. तुम्ही अर्ज किंवा याचिका लिहीत असाल तर एप्रिलचे ‘तीन महिने’ त्यात टाकू नका. नोव्हेंबरच्या मतातली ‘दीर्घ, विनाकारण, बेमुदत निष्क्रियता’ ही कसोटी घ्या आणि तारखांचा तक्ता जोडा: सभागृहाची मंजुरी कधी, राजभवनात विधेयक पोचलं कधी, राजभवनाने खुलासे मागितले कधी, ते दिले कधी. अशा याचिकेत तारखाच बोलतात. युक्तिवाद नंतर.

नुसतं रोखून ठेवणं बंद केलं, हे या मताने फार चांगलं केलं. पण राज्यपालांना सल्ल्याविरुद्ध जाऊन विधेयक राखून ठेवता येतं, असं म्हटल्याने कलम २०१ चं दार आणखी उघडं झालं, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते.

कलम २०१ लहानसं आहे. विधेयक राखून ठेवलं की राष्ट्रपती संमती देतील किंवा रोखतील. हवं तर राज्यपालांमार्फत सभागृहाकडे फेरविचाराला पाठवायला सांगतील. सभागृहाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा. म्हणजे मुदत आहे, पण ती सभागृहाला. सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर विधेयक पुन्हा राष्ट्रपतींच्या ‘विचारार्थ’ जातं. संमती दिलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम १११ आणि २०० यांच्यातला जो कणा, सभागृहाचा शेवटचा शब्द, तो इथे मुद्दाम ठेवलेला नाही. फाइल जाते केंद्रीय गृह मंत्रालयात, तिथून विषयाप्रमाणे इतर मंत्रालयांकडे अभिप्रायाला फिरते, मग राज्याकडे खुलासे मागितले जातात, आणि हे चक्र कितीही काळ फिरू शकतं. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आणि पुंछी, दोन्ही आयोगांनी कालमर्यादेच्या शिफारशी केल्या. घटनेत एकही आली नाही.

यात किती वेळ जाऊ शकतो याचं उदाहरण महाराष्ट्राइतकं ठळक दुसरीकडे क्वचितच सापडेल. गोवंश हत्याबंदीचं महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) विधेयक विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलं, युती सरकारच्या काळात. ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं गेलं. संमती मिळाली २०१५ मध्ये, आणि मार्च २०१५ मध्ये कायदा अमलात आला. मधे १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा चार विधानसभा निवडणुका झाल्या. गोवंश हत्याबंदीबद्दल तुमचं मत काहीही असो, ज्या सभागृहाने मतदान केलं ते सभागृह विसर्जित होऊन पंधरा वर्षं उलटली होती, आणि २०१५ च्या विधानसभेत कुणालाही त्यावर हात वर करावा लागला नाही. ‘पण विधानसभा विसर्जित झाली की विधेयक रद्द होत नाही का?’ असा प्रश्न लगेच येतो. दोन्ही सभागृहांनी मंजूर करून संमतीसाठी थांबलेलं विधेयक रद्द होत नाही. पुरुषोत्तमन नंबुदिरी खटल्यात १९६२ मध्ये केरळच्या भूसुधारणा विधेयकावरून हे ठरलेलं आहे. मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो. पण त्यामुळेच कालमर्यादेची गरज आणखी वाढते.

याच कायद्याने दुसरा एक धडा दिला. राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणजे कायदा अभेद्य झाला असं नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारी तरतूद मूलभूत हक्कांच्या कसोटीवर रद्द केली.

मग राज्य सरकारं आपलं विधेयक स्वतःहून दिल्लीला का पाठवतात? बहुतेक राखीव विधेयकं राज्यपाल आडवे आले म्हणून नव्हे, तर राज्याच्या मंत्रिमंडळाच्याच सल्ल्याने जातात, हे बाहेर फारसं माहीत नसतं. कारण आहे कलम २५४(२). सातव्या अनुसूचीत संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्याचे विषय) आणि समवर्ती सूची (दोघांनाही कायदा करता येणारे विषय) आहेत. समवर्ती विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांच्या विरोधात गेला तर केंद्राचा टिकतो. पण राज्याचं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं आणि त्याला संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो. संघटित गुन्हेगारीविरोधातला आपला मकोका १९९९ मध्ये असाच राष्ट्रपतींच्या संमतीने आला.

इथे मसुदा करणाऱ्याचं खरं कसब लागतं, विधेयकापेक्षाही सोबतच्या पत्रात. मुंबईतल्या एका जागेवरून कैसर-ए-हिंद विरुद्ध नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन हा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि २००२ मध्ये त्याचा निकाल लागला. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा, त्याची मुदत वेळोवेळी वाढवणाऱ्या कायद्यांना राष्ट्रपतींची संमती होती. समोर होता केंद्राचा १९७१ चा सार्वजनिक जागांतून निष्कासनाचा कायदा. भाडेकरूंचं म्हणणं, राष्ट्रपतींची संमती आहे, म्हणजे आमचा भाडे कायदा वरचढ. न्यायालयाने विचारलं, संमती मागताना राज्याने कोणत्या केंद्रीय कायद्याशी विरोध आहे असं कळवलं होतं? कागद काढले तर त्यात मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा यांचा उल्लेख होता. १९७१ च्या कायद्याचा नव्हता. मग जे राष्ट्रपतींपुढे मांडलंच नाही त्याला संमती कशी मिळेल? केंद्राचा कायदा टिकला, आणि सार्वजनिक उपक्रमांच्या मालकीच्या जागांतल्या भाडेकरूंना भाडे कायद्याचं छत्र उरलं नाही. एका पत्रात एका कायद्याचं नाव नसल्याचा हा परिणाम! म्हणून राखीव विधेयकाचा प्रस्ताव तयार करताना ज्या ज्या केंद्रीय कायद्याशी खटका उडू शकतो तो कलमासह लिहावा. ‘इतर संबंधित कायदे’ असं मोघम लिहून भागत नाही.

आता ‘शक्ती’. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कठोर शिक्षा, काही प्रकारांत फाशी, तपासाला आणि खटल्याला मुदत, असं विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्यात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) या तीन केंद्रीय कायद्यांत महाराष्ट्रापुरती दुरुस्ती होती. म्हणजे पहिल्या ओळीपासून समवर्ती सूची, आणि म्हणून कलम २५४(२) आणि २०१. त्याला दुसरा रस्ताच नव्हता. संमती येण्याआधी १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, आणि ज्यांत दुरुस्ती करायची त्या तीनपैकी दोन कायदे इतिहासजमा झाले.  नुसत्या वेळेनेही विधेयक निकामी झालं. आणि समजा २०२२ मध्येच संमती मिळाली असती, तरी कलम २५४(२) च्या परंतुकाप्रमाणे (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादाप्रमाणे) संसद पुढे कधीही त्याच विषयावर कायदा करून राज्याची तरतूद बदलू किंवा रद्द करू शकली असती. समवर्ती सूचीत राज्याला मिळणारी जागा ही अशी, केंद्राच्या वाड्यात भाड्याने राहण्यासारखी आहे.

वरच्या सभागृहांबद्दलही विचारलं जातं, ते चटकन सांगतो. राज्यसभा साधं विधेयक अडवू शकते, मग कलम १०८ खाली संयुक्त बैठक. अशा बैठकीत १९६१ चं हुंडाबंदी विधेयक, १९७८ चं बँकिंग सेवा आयोग निरसन विधेयक आणि २००२ चं पोटा हे दहशतवादविरोधी विधेयक, अशी तीनच विधेयकं मंजूर झाली. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त चौदा दिवस, म्हणून ‘हे धन विधेयक आहे’ या लोकसभा अध्यक्षांच्या प्रमाणपत्राला एवढं महत्त्व. आधार कायदा २०१६ मध्ये त्याच वाटेने मंजूर झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो मार्ग मान्य केला, न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या विरोधी मतासह. आपल्या विधान परिषदेला तर नकाराधिकार नाहीच. कलम १९७ प्रमाणे ती पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना थांबवू शकते, मग विधानसभेचंच म्हणणं चालतं. राज्यात संयुक्त बैठक नावाची सोय नाही.

आणखी दोन जागा अशा आहेत जिथे विधेयक थांबतं आणि कलम २०० किंवा २०१ चा संबंधही येत नाही. पहिली, अंमलबजावणीची तारीख. ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकापासून’ हे वाक्य मसुद्यात सहज लिहिलं जातं, पण त्याने संसदेचा शब्दही गोठवता येतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं कलम ३ प्रतिबंधक स्थानबद्धतेवर, म्हणजे खटला न चालवता कोठडीत ठेवण्यावर, अधिक बंधनं आणणारं होतं. संसदेने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि केंद्राने ते अमलात आणण्याची अधिसूचना आजवर काढलेली नाही. १९८१ मध्ये ए.के. रॉय खटल्यात न्यायालयाने ती काढायला लावण्यास नकार दिला. मला हे राज्यपालांच्या विलंबापेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण इथे सगळे टप्पे पार पडलेले असतात. दुसरी जागा गोव्याने दाखवली. जुलै २०२१ मध्ये गोवा विधानसभेने भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर केलं, त्याविरुद्ध लोकांत असंतोष उसळला, आणि ते संमतीसाठी राज्यपालांकडे पाठवणार नाही असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनीच जाहीर केलं. मंजूर विधेयक सरकारने राजभवनात पाठवलंच नाही तर काय, याचं उत्तर कलम २०० देत नाही.

एखादा कायदा कोणत्या वाटेने आला हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या असाधारण भाग चारमध्ये अधिनियम छापला जातो. शीर्षकाजवळ कंसात एक ओळ असते: राज्यपालांची संमती मिळाल्यानंतर अमुक दिनांकाला प्रथम प्रसिद्ध, किंवा राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर प्रथम प्रसिद्ध. कुठल्याही राज्य कायद्यावर खटला चालवायचा असेल तर मी आधी ती ओळ वाचतो. तिथे राज्यपाल असतील आणि विषय समवर्ती सूचीतला असेल, तर केंद्राच्या कायद्याशी विरोध आहे का हे लगेच तपासायला घ्यावं. तिथे राष्ट्रपती असतील, तर संमतीच्या प्रस्तावाची प्रत माहिती अधिकारात मागवावी आणि कैसर-ए-हिंदची कसोटी लावून पाहावी.

उपाय काय, असं विचाराल तर घटनादुरुस्ती करून कलम २०० आणि २०१ मध्ये दिवसांची मुदत लिहावी, हे माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२५ च्या मतानंतर हे काम न्यायालयाकडून होणार नाही. संसदेनेच करायला हवं, आणि १९४८ च्या मसुद्यातले सहा आठवडे सुरुवात म्हणून वाईट नाहीत. ते होईपर्यंत राज्यांनी आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं. विधेयक लिहितानाच त्याचे दोन भाग पाडावेत. केंद्रीय कायद्यात खरोखर दुरुस्ती लागते तेवढंच एका विधेयकात, ते दिल्लीला जाईल. उरलेलं राज्यसूचीतलं वेगळ्या विधेयकात, ज्याला राज्यपालांची संमती पुरते. ‘शक्ती’च्या निमित्ताने ज्या गोष्टींची सगळ्यात जास्त चर्चा झाली त्यांतल्या कितीतरी या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. तपासासाठी पोलिसांची खास पथकं, त्यांत महिला अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची वाढलेली क्षमता, सरकारी वकिलांची भरलेली पदं, पीडितांसाठी निधी. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे आणि पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातला. यातल्या बऱ्याच कामांना कायदाही लागत नाही. मंत्रालयातून शासन निर्णय निघाला आणि पदांना वित्त विभागाची मान्यता मिळाली की ती सुरू करता येतात.